लोखंडाचा सांधा



या मांडवात एरवी संतवाङ्मयावर बोलले जाते, इतिहासावर बोलले जाते, कधी अर्थकारणावरही बोलले जाते. आज त्याच जागी लोखंडाला लोखंड कसे जोडावे हे सांगण्यासाठी कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता उभा आहे. विषय कळल्यावर काही मित्रांनी मला विचारले, की वेल्डिंग हा काय व्याख्यानाचा विषय झाला? त्यांना मी एवढेच सांगितले, की न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती शाळाकॉलेजात न मिळणारे ज्ञानही लोकांपर्यंत जावे म्हणून. आणि आपल्या बल्लारपुरात असे घर क्वचितच सापडेल, की ज्याची खिडकी, दार, सायकल किंवा पाण्याची टाकी कधी ना कधी वेल्डरच्या हाताखालून गेलेली नाही. ज्याच्यावाचून आपला एक दिवस चालत नाही, त्याविषयी आपण एक संध्याकाळ बोलायला हरकत नसावी.

माझे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर, गेटसभांत आणि कामगार अधिकाऱ्यांच्या कचेरीबाहेर तिष्ठत असताना झाले. वेल्डिंग मात्र मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो, आणि तेही रविवारी. रविवारची ती सुट्टी आपल्याला आयती मिळालेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती झगडून मिळवली, १८९० साली. तेव्हा माझ्या या विद्येचे पहिले ऋण लोखंडे यांचे आहे, असे मी मानतो.

आता ज्या ट्रकच्या निमित्ताने हे शिकणे घडले त्याच्याविषयी सांगतो. हा ट्रक १९६६ सालचा, टाटा-मर्सिडीज-बेंझ. जुन्या मंडळींना तो लगेच आठवेल. लांब नाकाचा, पुढे तीन टोकांची चांदणी मिरवणारा. टेल्को कंपनीने जर्मनीच्या डेम्लर-बेंझ कंपनीशी १९५४ साली करार करून जमशेदपुरास हे ट्रक बांधावयास सुरुवात केली. करार १९६९ साली संपला, आणि नाकावरची चांदणी जाऊन तेथे टाटांचे ‘टी’ अक्षर आले. त्यामुळे चांदणीवाला ट्रक म्हणजे त्या पंधरा वर्षांतला, हे ओळखणे सोपे जाते.

त्या काळी कंपनी पुष्कळदा पूर्ण ट्रक विकत नसे. चॅसी, इंजिन, पुढचे नाक आणि काचेखालची चौकट एवढेच मिळे. ड्रायव्हरची केबिन आणि मागची पेटी गावोगावचे बॉडीवाले बांधून देत. आमच्या ट्रकची केबिन सागवानी सांगाड्यावर पत्रा मारून बांधलेली आहे. ज्या जंगलातले सागवान वाहण्यासाठी हा ट्रक आला, त्याच जातीच्या लाकडात त्याची केबिन उभी राहिली. आलापल्लीकडचे लाकूड आष्टीला वैनगंगा ओलांडून, गोंडपिपरीवरून बल्लारपुरास यायचे. कागदासाठी बांबू यायचा, इमारतीसाठी साग यायचा, आणि इथून रेल्वेने देशभर जायचा. काझीपेटकडचा रेल्वेमार्ग १९२९ साली पूर्ण झाल्यावर बल्लारशाह हे उत्तर-दक्षिण वाहतुकीचे मोठे ठाणे झाले, हे आपण जाणताच. ते लाकूड स्टेशनापर्यंत आणणारे ड्रायव्हर, क्लीनर आणि लाकूड चढवणारे हमाल यांचे नाव मात्र कोणत्याही पाटीवर नाही.

हा ट्रक भंगाराच्या आवारात गॅसने कापला जाण्याच्या बेतात होता. आम्ही चौघांनी मिळून तो वजनाच्या भावाने घेतला आणि माझ्या घरामागच्या मोकळ्या जागेत ओढून आणला. घरच्या मंडळींचे म्हणणे असे पडले, की संघटनेच्या पायी माणूस घरी नसतो हे एक वेळ चालते, पण आता भंगार घरी राहायला आले. त्या म्हणण्यात तथ्य होते. ट्रक पुढे तीन वर्षे तेथून हलला नाही.

पहिला धडा गंजाने दिला. गंज म्हणजे लोखंडाचा प्राणवायू आणि पाणी यांच्याशी झालेला संयोग. लोखंड खनिजातून मोठ्या कष्टाने, कोळसा जाळून वेगळे करावे लागते, आणि संधी मिळताच ते पुन्हा मातीकडे जाऊ पाहते. आपल्या लोहाऱ्याच्या टेकडीतले खनिज आणि या ट्रकच्या मडगार्डावरचा गंज हे एकाच कुळातले आहेत. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. म्हणून दोन पत्र्यांच्या घडीत तो शिरला, की आतून फुगतो, पत्रे एकमेकांपासून उकलतो आणि रिव्हेटसुद्धा तोडतो.

तो कोठे लागतो हे पाहण्यासारखे आहे. उघड्या, पावसाने धुऊन निघणाऱ्या भागावर तो वरवर असतो. जेथे चिखल साठतो, सालपे अडकतात, लाकडाचा भुसा ओल धरून बसतो, तेथे तो पत्रा खाऊन टाकतो. आमच्या ट्रकचे नाक बाहेरून बरे दिसत होते. केबिनचा पत्रा जेथे सागाच्या पट्टीला टेकला होता तेथे मात्र बोट आरपार जात होते. ज्यांनी संस्था चालवल्या आहेत त्यांना यावर अधिक सांगायला नको.

तेव्हा काम असे ठरले: सडलेला भाग कापायचा, त्या मापाचा नवा पत्रा घडवायचा आणि तो जोडायचा. आता जोडायचा कसा, हा प्रश्न आला, आणि खरे व्याख्यान येथून सुरू होते.

लोखंडाला लोखंड जोडण्याची विद्या फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यात नैकुंड येथे महापाषाण काळातली लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली. म्हणजे आपल्या विदर्भातल्या माणसाला हे काम अडीच हजार वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. भट्टीतून निघालेले लहान लहान गोळे पांढरेशुभ्र होईपर्यंत तापवायचे, एकावर एक ठेवायचे आणि घणाने ठोकून एकजीव करायचे, ही लोहाराची जोडणी. दिल्लीचा प्रसिद्ध लोहस्तंभ, सात मीटरच्या आसपास उंचीचा आणि सहा टनांहून अधिक वजनाचा, तो असाच गोळ्यावर गोळा ठोकून घडवलेला आहे. ज्यांनी तो घडवला ते कोणत्या जातीचे, कोणत्या गावचे, हे कोणी लिहून ठेवले नाही. राजाचे वर्णन तेवढे खांबावर कोरलेले आहे.

त्यानंतर रिव्हेटचा काळ आला. पूल, बॉयलर, आगबोटी, सारे रिव्हेटांवर उभे राहिले. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दोन नव्या वाटा निघाल्या. एक गॅसची. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकले की ॲसिटिलीन वायू निघतो, हे जत्रेतल्या कार्बाइडच्या दिव्यांमुळे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना माहीत आहे. त्या वायूला शुद्ध प्राणवायूची जोड दिली, की ज्योतीचे तापमान तीन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. पोलाद साधारण पंधराशे अंशांवर वितळते, तेव्हा ही ज्योत त्याला सहज पुरते. फ्रान्समध्ये १९०३ च्या सुमारास या ज्योतीचा हातात धरायचा नळा तयार झाला.

दुसरी वाट विजेची. रशियात बेनार्दोस याने १८८० नंतरच्या दशकात कोळशाच्या कांडीने वीजकमान पेटवून लोखंड जोडले. त्याच देशातल्या स्लाव्ह्यानोव्ह याने कोळशाऐवजी धातूचीच कांडी वापरली, म्हणजे कांडी वितळून सांध्यात उतरू लागली. स्वीडनच्या ऑस्कर शेलबेर्ग याने विसाव्या शतकाच्या आरंभी त्या कांडीवर लेप चढवला. तो लेप जळताना धुराचे आवरण तयार करतो आणि वितळलेल्या रसाला हवेपासून वाचवतो. आज नाक्यावरचा वेल्डर ज्याला नुसता ‘रॉड’ म्हणतो, त्या एका कांडीत तीन माणसांची बुद्धी आहे. मुंबईत १९५१ साली अडवाणी-ओर्लिकन कंपनी निघाली आणि असे रॉड आपल्याकडे बनू लागले.

ही पुस्तकी माहिती मला वाचनालयाने दिली. हाताची माहिती दिली ती चंद्रपूर रस्त्यावरच्या एका मिस्त्रीने. वयाने ते माझ्याहून दहाबारा वर्षांनी लहान. शाळा चौथीपर्यंत. त्यांचे नाव मी येथे घेत नाही, कारण त्यांनीच तसे सांगितले आहे. मी त्यांना मिस्त्री म्हणतो, ते मला भाऊ म्हणतात, आणि रविवारी सकाळी दोन तास ते गुरू असतात.

त्यांनी महिनाभर मला ट्रकला हात लावू दिला नाही. भंगारातल्या पट्ट्या पुढ्यात टाकल्या आणि रेघा मारायला सांगितल्या, जशा बालवर्गात पाटीवर मारतात. रॉड टेकवला की तो चिकटून बसतो. दूर नेला की कमान विझते. त्याच्या जाडीएवढे अंतर राखून तो संथपणे पुढे न्यायचा असतो, आणि रॉड तर दर क्षणाला आखूड होत असतो, म्हणून हात पुढे सरकतानाच खालीही उतरला पाहिजे. सुरुवातीला सगळ्यांचेच लक्ष त्या झगमगाटाकडे जाते. मिस्त्री म्हणाले, “भाऊ, उजेडाकडं कायले पाहून राहिले? रसाकडं पाहा, रसाकडं.” काळ्या काचेतून पाहताना झगमगाटाच्या मागे एक छोटे लाल तळे दिसते. ते तळे दोन्ही काठांना भिजवते की नाही, एवढेच पाहायचे असते. एका काठाला भिजवले आणि दुसऱ्याला नुसता स्पर्श केला, तर सांधा वरून भरलेला दिसतो आणि आतून सुटा असतो.

कानही शिकतो. विजेचा दाब आणि हाताची गती बरोबर असली, की कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो. आवाज तडतडू लागला, की काहीतरी बिनसले आहे. हे कोणत्याही पुस्तकात मला इतक्या नेमक्या शब्दांत सापडले नाही. आणि जुने वेल्डिंग यंत्र घरच्या विजेवर चालू झाले, की शेजारच्या दिव्यांनी डोळे मिचकावायला सुरुवात केलीच म्हणून समजा. शेजाऱ्यांनी हे तीन वर्षे सोसले, त्यांचे आभार मी जाहीरपणे मानतो.

जाड पट्टीला बारा नंबरचा किंवा दहा नंबरचा रॉड चालतो. ट्रकच्या मडगार्डाचा पत्रा मात्र मिलिमीटरभर जाडीचा. नवशिक्याच्या हाती विजेचा रॉड असेल तर जोड होण्याआधी भोक होते. म्हणून पत्र्याचे काम आम्ही गॅसने केले. ज्योत न फार प्राणवायूची, न फार ॲसिटिलीनची, अशी मधली राखायची. आतला शुभ्र सुळका स्वच्छ, टोक गोलसर, असा दिसला की ज्योत बरोबर. सिलिंडरच्या बाबतीतही काही नियम आहेत, ते माझ्यासमोर बसलेल्या तरुणांनी लक्षात ठेवावेत. प्राणवायूच्या काळ्या सिलिंडरच्या तोटीला तेलाचा वा ग्रीसचा हात कधी लावू नये. दाबाखालच्या प्राणवायूत तेल आपोआप पेट घेते. ॲसिटिलीनचा तांबूस किरमिजी सिलिंडर आडवा ठेवून वापरू नये. त्यात ॲसिटोन द्रव असतो, तो तोटीतून बाहेर येतो.

आता पत्र्याचा खरा स्वभाव सांगतो. पोलादाची एक मीटरची पट्टी पाचशे अंशांनी तापली, तर ती सहा मिलिमीटरने वाढते. पण सांध्यापाशी तापलेला भाग सर्व बाजूंनी थंड पत्र्याने वेढलेला असतो. त्याला वाढायला जागा मिळत नाही, म्हणून तो तेथल्या तेथे दाबला जातो, आणि थंड होताना आखडतो. मग सपाट पत्रा पापडासारखा वळतो. यावर उपाय असा, की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जोडत जायचे नाही. आधी दूरदूर टाके मारायचे. एक इथे, दुसरा पार तिकडे, तिसरा मध्ये. पत्र्याला निवायला वेळ द्यायचा, मग टाक्यांमधली जागा थोडी थोडी भरायची. मिस्त्रींच्या शब्दांत सांगायचे तर, “पत्रा म्हंजे लहान लेकरू हाय. एकाच जागी तापवत बसान तं रुसन ते.” वाटाघाटीच्या मेजावर मी तीस वर्षे बसलो आहे. तेथेही हाच नियम चालतो, एवढे सांगून पुढे जातो.

काय जोडावे याच्याइतकेच काय जोडू नये हे महत्त्वाचे आहे. चॅसीच्या मुख्य पट्ट्यांच्या वरच्या आणि खालच्या पाळीला आम्ही वेल्डिंगचा एकही टाका मारला नाही. भार आला की सर्वांत जास्त ताण त्या पाळीवर येतो. तेथे वेल्डिंग केले तर आजूबाजूचे पोलाद ठिसूळ होण्याचा धोका असतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. म्हणून जुने रिव्हेट जेथे सैल झाले होते तेथे ते काढून नटबोल्ट बसवले. डिझेलची टाकीही आम्ही जोडली नाही. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, आणि अशा टाकीवर ज्योत धरणे म्हणजे बॉम्बवर ज्योत धरणे. सरळ दुसरी टाकी आणली.

सांधा चुकला तर काय होते, याचे एक उदाहरण जगाच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जहाजे भराभर बांधली. रिव्हेटला वेळ लागतो म्हणून ती वेल्डिंगने जोडली. शेतावरची, दुकानातली, कचेरीतली माणसे आणली, हजारो स्त्रिया आणल्या, त्यांना थोड्या आठवड्यांत हे काम शिकवले, आणि लिबर्टी नावाची सत्तावीसशेहून अधिक जहाजे समुद्रात लोटली. स्त्रियांना हे काम जमेल का, असे आजही विचारणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. पण १६ जानेवारी १९४३ रोजी ‘श्केनेक्टडी’ नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज, धक्क्याला शांत पाण्यात उभे असताना, मोठा आवाज होऊन जवळजवळ दुभंगले. इतर जहाजांनाही तडे गेले. दोष कोणाचा? प्रथम बोट दाखवले गेले ते वेल्डरकडे. काही सांधे कच्चे होते, हे खरेच होते. परंतु पुढे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषीने दाखवून दिले, की ते पोलादच थंडीत ठिसूळ होत होते. त्यात तीक्ष्ण कोपऱ्यांची रचना होती; तडा तेथे सुरू होई. रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या काठाशी थांबला असता, वेल्डिंगच्या अखंड अंगात तो पुढे धावत गेला. म्हणजे माल, आराखडा आणि हात या तिघांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. अपघात झाला की चौकशी हातापासून सुरू करून हातापाशीच संपवायची, ही आमच्या ओळखीची रीत आहे. श्केनेक्टडीच्या वेळी विज्ञान त्याच्यापुढे गेले, म्हणून पुढची जहाजे वाचली.

बंधुभगिनींनो, आता मी ज्या गोष्टीसाठी आज येथे उभा आहे तिच्याकडे येतो.

वीजकमानीच्या प्रकाशात जे अतिनील किरण असतात ते डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला भाजतात. त्या वेळी काही कळत नाही. चारसहा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू ओतल्यासारखे होते, पाणी वाहते, उजेड सोसत नाही. आपल्या वस्तीतल्या आयाबहिणींना यावरचे बटाट्याच्या चकत्यांचे नि दुधाचे उपचार तोंडपाठ आहेत. एखाद्या गावात एखाद्या दुखण्याचे घरगुती उपचार सर्वांना पाठ असले, तर ते दुखणे तेथे किती घरांत आहे हे समजावे. मिस्त्रींच्या हाताखालचा सोळासतरा वर्षांचा पोरगा टाका मारताना पत्रा धरून उभा राही, तोंड वळवून आणि डोळे मिटून. त्याच्याजवळ काच नव्हती, कारण दुकानात काच एकच होती. काचेच्या दुसऱ्या चौकटीला लागणारे पैसे दोन दिवसांच्या चहापाण्याहून अधिक नाहीत.

धुराचेही तसेच. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचा जस्ताचा थर जळला, की पांढरा धूर निघतो आणि संध्याकाळी माणसाला हुडहुडी भरून ताप येतो. दूध प्यायल्याने हा धूर फुप्फुसातून निघत नाही. पत्र्यावरचे जस्त आधी घासून काढावे आणि वाऱ्याला पाठ न देता वारा बाजूने येईल असे उभे राहावे, हा खरा उपाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर आणि त्याचे अतिनील किरण, दोन्ही माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पहिल्या गटात घातले. तंबाखूही त्याच गटात आहे. तंबाखूच्या पुडीवर भयंकर चित्र छापलेले असते. वेल्डरच्या दुकानावर कोणते चित्र आहे?

कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३५ व्या कलमात डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद होती. परंतु कारखाना म्हणजे कोण? विजेवर चालणारा असेल तर दहा कामगार हवेत. मिस्त्रींच्या दुकानात तीन. २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहिता अमलात आल्या, आणि कारखान्याच्या व्याख्येतली ती दहाची मर्यादा वीस झाली. डोळा मात्र तीन माणसांच्या दुकानात आणि तीन हजारांच्या गिरणीत सारखाच जळतो. कायद्याने येईल तेव्हा येईल. तोवर गिऱ्हाईक म्हणून आपण एक गोष्ट आजपासून करू शकतो. खिडकीची जाळी जोडायला नेली, की दर विचारण्याआधी विचारा, पत्रा धरणाऱ्या पोराची काच कोठे आहे? शंभर गिऱ्हाइकांनी विचारले, तर काच येते. मी हे अनुभवाने सांगतो. आमच्या रस्त्यावरच्या दुकानांत ती अशीच आली.

दुसरी गोष्ट कसबाच्या मान्यतेची. वेतनाच्या तक्त्यात कामगाराचे कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग असतात. वीस वर्षे जोडकाम करणारा माणूस ठेकेदाराच्या हजेरीपटावर ‘हेल्पर’ म्हणून लागतो, कारण त्याच्याजवळ कागद नाही. कारागीर प्रशिक्षणाची सरकारी योजना १९५० पासून आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे, चांगला आहे, आणि मी प्रत्येक मुलाला व मुलीला तेथे जाण्याचा आग्रह करतो. पण तेथे प्रवेशाला आठवी लागते. ज्याची चौथी झाली आणि हात तयार झाला, त्याने काय करावे? मिस्त्रींना एकदा एका ठिकाणी असाच कागद मागितला गेला. ते म्हणाले, “कागद कुठून आणू साहेब? ह्या पुलाच्या कठड्याले इचारा, थो मीच जोडला हाय.”

माझे म्हणणे असे, की कठड्याला खरोखरच विचारावे. वेल्डिंगच्या धंद्यात कागदाहून नेमकी परीक्षा उपलब्ध आहे. दोन पट्ट्या जोडायला द्याव्यात, सांध्यातून एक चीप कापावी आणि ती यंत्रात घालून घोड्याच्या नालासारखी वाकवावी. कच्चा सांधा तेथेच तोंड उघडतो. पक्का सांधा पट्टीबरोबर वाकतो. बॉयलरवर काम करणाऱ्या वेल्डरची अशी परीक्षा १९५० च्या भारतीय बॉयलर नियमावलीने घालून दिली. बॉयलरच्या बाबतीत आपण हाताची परीक्षा घेतो, कारण बॉयलर फुटला तर मालकाचेही नुकसान असते. तोच न्याय वेतनाच्या बाबतीत लावायला काय अडचण आहे? पूर्वी मिळवलेल्या कसबाला प्रमाणपत्र देण्याची सरकारी सोय अलीकडे निघाली आहे. ती बल्लारपूर, राजुरा, अहेरी, सिरोंचा येथल्या नाक्यापर्यंत यावी. माणसाने तिच्या शोधात नागपूर गाठावे अशी ती असू नये. पट्टी वाकवण्याचे यंत्र ट्रकवर घालून गावोगाव नेता येते. ट्रकची अडचण असेल तर आमचा तयार आहे.

ट्रक तयार आहे, असे मी म्हणालो. नाक, मडगार्ड, पायऱ्या आणि केबिनचा पत्रा आमच्या हातचा आहे. सागवानी सांगाडा बहुतेक जुनाच ठेवला. साठ वर्षांनंतर त्यातल्या दोनच पट्ट्या बदलाव्या लागल्या. सहा सिलिंडरचे इंजिन एका निवृत्त फिटरने सुरू करून दिले. आता गंमत ऐका. जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली वाहने वारसा म्हणून नोंदवता येतात. त्यांना वेगळ्या अक्षरांची पाटी मिळते, नोंदणीला वीस हजार रुपये पडतात. परंतु ते नियम दुचाक्यांना आणि प्रवासी मोटारींना आहेत. मालट्रकला त्यात जागा नाही. राजेसाहेब ज्या मोटारीतून शिकारीला गेले ती मोटार वारसा ठरते. ज्या ट्रकने या जिल्ह्याचे लाकूड, बांबू आणि कोळसा वाहिला, तो भंगार ठरतो. मोटारी जपू नयेत असे मी म्हणत नाही. त्याही कामगारांच्याच हातच्या आहेत. माझे म्हणणे एवढेच, की श्रमाच्या वाहनालाही स्मृती असते आणि कायद्याने तिची नोंद घ्यावी. तसा अर्ज आम्ही करणार आहोत, आणि त्यावर आपल्या सह्या हव्या आहेत.

तोपर्यंत ट्रक आवारातच उभा राहील, पण रिकामा नाही. दर रविवारी सकाळी तेथे सहासात मुले येतात, त्यांत दोन मुली आहेत. मिस्त्री त्यांच्यापुढे भंगाराच्या पट्ट्या टाकतात आणि रेघा मारायला सांगतात. काच प्रत्येकाला वेगळी आहे. हा तेथला पहिला नियम. ज्या पट्टीवर सांधा पक्का बसला, ती पट्टी मुलाने नाव लिहून ट्रकच्या पेटीत ठेवायची, हा दुसरा. पेटीत आज एकेचाळीस पट्ट्या आहेत. कोणाला पाहायच्या असतील त्यांनी अवश्य यावे, आणि वाटल्यास वाकवूनही पाहाव्यात.

सह्यांचा कागद दाराशी ठेवला आहे.